पहिलाच टू बीएचके घेतोय: पाथर्डी फाट्याचं नवं बुकिंग की इंदिरानगरचा रिसेल?

सिन्नर_ते_अंबड

नमस्कार मंडळी. आमच्या घरात आजवर कुणी फ्लॅट घेतलेला नाही. वडील सिन्नर तालुक्यात कांदा-सोयाबीन करतात, त्यांना जमिनीचे व्यवहार कळतात, पण बिल्डर, रेरा (बिल्डरांवरचा कायदा), सेलेबल यातलं त्यांनाही काही उमगत नाही आणि मलाही. म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

मी नाशिकमध्ये अंबडला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, शिफ्ट ड्यूटी. बायको मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८२ हजार. पवननगरला १०,५०० भाडं भरतो. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, त्याआधी घराचं नक्की व्हावं अशी इच्छा आहे. जवळ साडेआठ लाख आहेत, वडील साडेचार देतो म्हणालेत. एकूण तेरा. त्यापुढे हात पसरायला जागा नाही.

दोन फ्लॅट पाहिलेत.

पहिला पाथर्डी फाट्याच्या पुढे, पाथर्डी गावाच्या बाजूला. स्कीम नवीन आहे, आता कुठे दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडलाय. सातव्या मजल्यावरचा टू बीएचके, सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, १,०४० चौरस फूट, रेट ४,२००, म्हणजे ४३.६८ लाख. पार्किंगचे २ लाख वेगळे. मीटर, लीगल वगैरे सव्वा लाख. कॉस्ट शीटवर जीएसटी १ टक्का लिहिलाय. रेरा कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्र, ६५५ आणि बाल्कन्या ७८. ताबा रेराच्या साइटवर डिसेंबर २०२८. क्लब हाउस, जिम, मुलांना खेळायला जागा, सगळं दाखवलं. बुकिंगला १ लाख, महिन्याभरात २० टक्के, मग ॲग्रीमेंट असं सांगितलंय. सेल्सवाले रोज फोन करतात की सिंहस्थ जवळ आला की रेट वाढणार, या रविवारपर्यंत बुक केलं तर आजचा भाव मिळेल.

दुसरा इंदिरानगरला, वडाळा-पाथर्डी रोडच्या आतल्या गल्लीत. २०१६ ची इमारत, चार मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट आहे. तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. मालकांच्या करारनाम्यात कार्पेट ६४० आहे. ३९ लाख सांगतात, त्यातले पाच रोख हवेत म्हणतात. क्लब हाउस वगैरे काही नाही. भिंती ठीक वाटल्या, पण रंग जुना आहे आणि किचन ओटा बदलावा लागेल.

आणखी एक अडचण. आमच्या कंपनीचा चाकणलाही प्लांट आहे. तीन-चार वर्षांत मला तिकडे पाठवण्याची शक्यता आहे. तसं झालं तर हा फ्लॅट भाड्याने द्यावा लागेल. म्हणजे राहायलाही हवा आणि गुंतवणूक म्हणूनही टिकायला हवा. बायकोचा कल इंदिरानगरकडे, माझा नव्याकडे. रविवारी काय करू?

आडगाव_नाका

भाऊ, मी नव्याच्या बाजूचा. कारण सांगतो. माझा स्वतःचा टू बीएचके आडगावला मेडिकल कॉलेजच्या अलीकडे आहे, बांधकाम चालू असताना घेतला होता. पजेशनपर्यंत चांगली वाढ मिळाली. ही वाढ रिसेलमध्ये मिळत नाही, कारण ती आधीच्या मालकाने खाल्लेली असते. नाशिक वाढतंय त्या दिशेला थोडं बाहेर जाऊन घ्यायचं आणि थांबायचं, हा माझा अनुभव. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, इगतपुरीच्या बाजूने मुंबई जवळ आली. सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघाली आहेत. पाथर्डी फाटा हायवेला लागून आहे. तिथं माणूस येणारच.

भाड्याबद्दल मात्र खरं ते सांगतो, कारण तुम्ही चाकणचं लिहिलंय. भाडेकरू क्लब हाउस बघून येत नाही. तो पहिल्यांदा विचारतो पाणी किती वेळ येतं, मग गाडी कुठे लावू, मग कामाच्या ठिकाणी जायला किती वेळ. माझ्याकडे शिकाऊ डॉक्टर मुली राहतात, त्या फक्त रात्री उशिरा परत येताना रस्त्यावर दिवे आहेत का एवढं बघून गेल्या होत्या. तुमच्या दोन्ही जागांना अंबड आणि सातपूरचे नोकरदार भाडेकरू मिळतील. करार ११ महिन्यांचा करा आणि नोंदवूनच करा, ती जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. पोलिस व्हेरिफिकेशनही करून घ्या. चाकणला बसून नाशिकचा भाडेकरू सांभाळायचा तर एवढी शिस्त हवीच.

भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तीही लक्षात ठेवा.

कर्जखिडकी

मी नाशिकमध्येच एका बँकेच्या गृहकर्ज विभागात काम केलं, निवृत्त होईपर्यंत. आमच्या टेबलावर फाइल यायची तेव्हा बहुतेकांनी टोकन देऊन टाकलेलं असायचं. मग एखादा कागद कमी निघायचा, कर्ज अडायचं, आणि नवरा-बायको समोरच्या खुर्च्यांवर बसून एकमेकांकडे बघायची. ते बघवायचं नाही. तुम्ही टोकन द्यायच्या आधी विचारताय, याचा मला खरोखर आनंद झाला. म्हणून वेळ काढून लिहिते.

रविवारी पैसे देऊ नका. दोन्हीपैकी कुणालाच नाही.

आधी नव्या स्कीमची कॉस्ट शीट. जीएसटी १ टक्का लिहिलाय तो परवडणाऱ्या घरांचा दर आहे. मुंबई-बंगळुरूसारखी महानगरांच्या यादीतली शहरं सोडून इतरत्र, म्हणजे नाशिकलाही, त्याला दोन अटी आहेत: कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. कार्पेटमध्ये तुम्ही आरामात बसता. पण ४५ लाख मोजताना फक्त ४३.६८ धरत नाहीत. पार्किंगचे पैसे, वरच्या मजल्याचा किंवा बागेकडच्या बाजूचा जादा आकार, सामाईक सुविधांचा आकार, सगळं त्यात येतं. ४३.६८ अधिक २ म्हणजे ४५.६८ लाख. तुम्ही रेषेच्या पलीकडे गेलात. आता दर ५ टक्के, आणि तोही वरच्या ६८ हजारांवर नाही, अख्ख्या रकमेवर. साधारण २ लाख २८ हजार. कॉस्ट शीटवर तो ४४ हजारांच्या आसपास दाखवला असेल. हा फरक शेवटच्या हप्त्याला तुमच्याकडेच मागितला जाईल. सेल्सच्या माणसाला हे विचारा आणि उत्तर लेखी, ईमेलवर घ्या.

त्या पार्किंगचंही विचारा. उघड्यावरची जागा सामाईक असते, ती विकता येत नाही. झाकलेलं पार्किंग असेल तर त्याचा नंबर, लांबी-रुंदी आणि जागा करारनाम्यात आली पाहिजे. ‘एक पार्किंग’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्या दोन लाखांत नेमकं काय घेतलं हे नंतर तुम्हाला दाखवता येणार नाही.

दुसरी गोष्ट, महिन्याभरात २० टक्के आणि मग ॲग्रीमेंट. हे चालत नाही. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सगळ्यांकडून असंच घेतो म्हणाला, तरी तुम्ही देऊ नका. उशीर झाला तर व्याजासकट पैसे परत मागायचा जो हक्क तुम्हाला मिळतो, तो त्या नोंदवलेल्या करारनाम्याच्या आणि त्यातल्या तारखेच्या जोरावर मिळतो.

आणि ‘सेलेबल’ हा आकडा डोक्यातून काढून टाका. भाव कार्पेटवर करा. ४३.६८ लाखांना ६५५ ने भागा, जवळपास ६,६७० रुपये फूट येतो. इंदिरानगरला ३९ लाखांना ६४० ने भागलं की ६,१०० च्या आत. तुम्हाला सांगितलेला ४,२०० चा भाव कुठल्याच खोलीत सापडणार नाही. एक मात्र खरं, रेरा कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. २०१६ च्या करारनाम्यातलं कार्पेट कसं मोजलंय ते वेगळं असू शकतं. म्हणून टेप घेऊन जा आणि दोन्ही बेडरूम, हॉल, किचन स्वतः मोजा. सातव्या मजल्याचा फ्लॅट अजून हवेतच आहे, तेव्हा सॅम्पल फ्लॅट मोजू नका, मंजूर नकाशावरची मापं घ्या.

आता सगळा खर्च धरा. नव्याला ४५.६८, मीटर-लीगल सव्वा लाख, जीएसटी २.२८, मुद्रांक ६ टक्के म्हणजे २.७४, नोंदणी ३० हजार. सव्वाबावन्न लाख झाले, फर्निचर सोडून. ३० लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाते, आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाही. म्हणजे कर्ज साधारण साडेछत्तीस. खिशातून हवेत पावणेसोळा लाख. तुमच्याकडे तेरा आहेत. वरचे पावणेतीन कुठून येणार? पर्सनल लोन काढलेली माणसं मी पाहिली आहेत. पहिलं वर्ष निघतं, दुसऱ्या वर्षी हप्ते चुकायला लागतात. शिवाय ताबा मिळेपर्यंत पवननगरचं भाडं चालूच आणि बँकेचं व्याजही चालू.

इंदिरानगरला जीएसटी नाही, इमारतीला पूर्णत्वाचा दाखला (बांधकाम पूर्ण झाल्याचं महापालिकेचं पत्र) मिळाल्यानंतरची विक्री असेल तर. ३९ लाख, मुद्रांक २.३४, नोंदणी ३० हजार, एजंटाचे एक टक्का धरून ३९ हजार, रंग-ओटा दीड लाख. साडेत्रेचाळीसच्या जवळ. कर्ज ३१.२० लाख. खिशातून सव्वाबारा. भाव थोडा खाली आणलात तर गाठीला काही उरेल, आणि ते उरलंच पाहिजे. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता २७ हजारांच्या आसपास बसेल. ८२ हजारांत तो झेपतो. उद्या एकाची नोकरी गेली तर काय, हा हिशोब मात्र दोघं बसून करा.

आडगाव_नाका यांनी वाढीचं लिहिलंय, त्यांना ती मिळाली असेल. पण ज्याच्या हातात थांबायला पैसा आहे त्याचा तो खेळ आहे. नाशिकच्या निओ मेट्रोची घोषणा २०२१ च्या अर्थसंकल्पात झाली, आणि त्या नावावर किती तरी पत्रकांत भाव चढवले गेले. मेट्रो कुठे आहे? सिंहस्थ येईल, रस्ते होतील, नाशिकला त्याचा फायदाही होईल. पण पहिलं घर घेणाऱ्याने घोषणेचे पैसे आगाऊ मोजू नयेत. जे आज समोर आहे त्याचे मोजावेत.

इंदिरानगर घ्याच असं मी अजून म्हणत नाही. २०१६ ची इमारत म्हटल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो कपाटांचा. नाशिककरांना आठवत असेल. २०१५-१६ च्या सुमारास शहरातल्या पुष्कळ इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले कपाटांवरून अडकले होते. कपाटाची जागा एफएसआयमध्ये (भूखंडावर किती बांधता येतं त्या मर्यादेत) धरायची नाही म्हणून नकाशात कपाट दाखवायचं, आणि बांधताना ती जागा खोलीत घ्यायची, असं झालेलं. महापालिकेने दाखले रोखले. पुढे नियमित करून घेण्याच्या वाटा निघाल्या, काहींनी पैसे भरून दाखले आणले, काही बिल्डर फिरकलेच नाहीत. लोक राहायला गेलेले, वीज आलेली, घरपट्टी सुरू, दाखला मात्र नाही.

तुम्ही हे स्वतः पडताळू शकता. मालकांकडे मंजूर नकाशाची प्रत मागा, महापालिकेच्या शिक्क्याची. तुमचा मजला काढा. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून छोटे लांबट चौकोन दिसतील, ती कपाटं. मग फ्लॅटमध्ये जाऊन त्याच भिंतीसमोर उभे राहा. तिथं खरंच भिंतीतलं कपाट आहे, की खोलीच तेवढी पुढे सरकली आहे आणि त्या कोनाड्यात पलंगाचा डोकेकडचा भाग बसवलाय? खोली पुढे सरकलेली असली तरी घाबरू नका. मग पूर्णत्वाचा दाखला मागा, त्याची तारीख बघा, आणि सोळाही फ्लॅटचा आहे की अंशतः आहे ते बघा. दाखला असेल तर विषय मिटला. नसेल, ‘येईल, प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं, तर तिथून उठा. बँक नाही म्हणेल, आणि एखादी हो म्हणाली तरी तुम्ही पुढे विकायला जाल तेव्हा तोच प्रश्न तुमच्या दारात येईल.

महारेराच्या (रेरा कायदा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) साइटवरही इमारतीचं नाव टाकून बघा. १ मे २०१७ ला दाखला नसलेल्या, ठरावीक आकाराच्या वरच्या प्रकल्पांना तिथं नोंदणी करावी लागली होती. फ्लॅट आठपेक्षा जास्त आहेतच, तेव्हा भूखंडही ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि त्या तारखेला दाखला नसेल, तर ही इमारत त्यात यायला हवी होती. नाशिक जिल्ह्याचे तेव्हाचे नोंदणी क्रमांक पी५१६ ने सुरू होतात.

रोख पाच लाख: नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे. त्यात तुमचं नुकसान असं की बँक कागदावरचा आकडा बघते. कागदावर ३४ लिहिले तर कर्ज ३४ वर, वरचे पाच तुमच्या तेरामधून. आणि उद्या व्यवहार फिसकटला तर त्या पाचांची पावती नाही. मालकांना शांतपणे सांगा की सगळं चेकने, आणि त्यासाठी भाव जरा बसवून घ्या. ज्याला खरंच विकायचंय तो ऐकतो.

फ्लॅट परत बघायला जाल तेव्हा सकाळी सातला जा. नळ सोडून बघा. पश्चिमेकडची भिंत आणि खिडक्यांच्या खालचा भाग हाताने चाचपा, आपल्याकडे पाऊस त्या बाजूने झोडपतो. लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर ओढायला सांगा, पोपडे त्याच्यामागे असतात. बाथरूमखालच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांचं छत बघून या, ‘गळतं का हो?’ असं विचारलं की ती माणसं अर्धा तास बोलतात.

तिसरा_मजला

काकूंनी सगळंच लिहिलंय, मी फक्त एक जोडतो. आमच्या इमारतीचा सेक्रेटरी म्हणून हे काम माझ्याकडे आलंय, त्यातून शिकलो.

इंदिरानगरच्या इमारतीची सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे विचारलंत का? नाशिकमध्ये पुष्कळ इमारती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असतात. बाहेरून बघून फरक कळत नाही. सोसायटीत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर व्हायची असते आणि तुम्ही सभासद, तुमच्या हातात शेअर सर्टिफिकेट. अपार्टमेंटमध्ये बिल्डर आधी डिक्लेरेशन डीड नोंदवतो, त्यात प्रत्येक फ्लॅटचा जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. मग प्रत्येक मालकाच्या नावे वेगळं अपार्टमेंट डीड होतं.

घोळ इथं होतो. लोक करारनामा नोंदवतात, राहायला जातात, आणि अपार्टमेंट डीड करायचं राहून जातं. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या काकांचं असंच राहिलं होतं. विकायच्या वेळी बिल्डरला शोधायला निघाले, तर त्याने ऑफिस हलवलेलं. मुद्रांक करारनाम्यावर पूर्ण भरलेलं असेल तर हे डीड नाममात्र मुद्रांकावर होतं, म्हणजे पैशाचा प्रश्न नसतो, बिल्डरच्या सहीचा असतो. म्हणून तुमच्या मालकांना विचारा: अपार्टमेंट असेल तर डिक्लेरेशन डीड आणि तुमचं अपार्टमेंट डीड दाखवा, आणि सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का ते दाखवा. कन्व्हेयन्स झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय कन्व्हेयन्स मिळवण्याचा, अर्ज केलाय का.

मेंटेनन्सचंही बघा. सोळा फ्लॅटांत लिफ्ट, वॉचमन, पंप, पाण्याच्या टाकीची सफाई बसते तेवढं महिन्याला येईल, आणि कोण थकवतो हे सेक्रेटरीच्या वहीत एका पानात दिसतं. वही मागा, नवीन येणाऱ्याला आम्ही तरी आनंदाने दाखवतो. नव्या स्कीममध्ये जिम आणि क्लब हाउस ताब्यानंतर कोण चालवणार, त्याचा खर्च कार्पेटवर की फ्लॅटवर, हे तिथं विचारून बघा. आमच्या नात्यातल्या एका घरी मेंटेनन्स निम्म्या भाड्याइतका झालाय.

पाथर्डी गावाकडे महापालिकेचा खत प्रकल्प आहे. त्या साइटवर दुपारी नको, संध्याकाळी आणि पावसाळी हवेत थांबून बघा. वास येतो की नाही ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही, इमारतीगणिक फरक पडतो.

नदीचं एक सांगतो, तुम्हाला लागू नसेल पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल. सप्टेंबर २००८ चा गोदावरीचा पूर मी पाहिलाय. गंगापूर रोडच्या काठाच्या बाजूला, किंवा नासर्डी-वालदेवीजवळ घेत असाल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघून घ्या. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. नासर्डी लहान दिसते म्हणून लोक दुर्लक्ष करतात.

आडगाव_नाका

काकूंचा जीएसटीचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता, तो बरोबर आहे. पावणेसोळा लाख लागणार असतील आणि तेराच असतील तर मीही नवं घ्या म्हणणार नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी माझं मत कायम.

सिन्नर_ते_अंबड

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बुकिंग केलं नाही. जीएसटीबद्दल त्यांना ईमेल केला, उत्तर आलं नाही, फक्त फोन आला की ‘सर, पार्किंग आपण वेगळ्या पावतीवर घेऊ’. ते ऐकून मीच थांबलो.

इंदिरानगरला बायकोसोबत सकाळी गेलो. पाणी साडेसहा ते साडेसात येतं, फोर्स चांगला. बोअरही आहे. मोठ्या बेडरूमची भिंत काकूंनी लिहिल्याप्रमाणे पुढे सरकलेली आहे, नकाशात कपाट आणि प्रत्यक्षात खोली. पण पूर्णत्वाचा दाखला आहे, २०१८ चा, सगळ्या सोळा फ्लॅटचा, मालकांनी ओरिजिनल दाखवला. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आहे. डिक्लेरेशन डीड झालंय, मालकांचं अपार्टमेंट डीडही झालंय. त्यांचं बँकेचं कर्ज अजून थोडं बाकी आहे, साधारण सहा लाख. खालच्या फ्लॅटच्या आजींनी छत दाखवलं, बाथरूमच्या कोपऱ्यात थोडा ओलावा आहे, त्या म्हणाल्या दोन पावसाळ्यांपासून तेवढाच आहे. रोखीला नाही म्हटलं. मालक दोन दिवस गप्प होते, काल म्हणाले ३८ लाख, सगळे चेकने.

वडिलांनाही घेऊन गेलो. त्यांनी गच्चीवर जाऊन टाक्या बघितल्या आणि जमिनीचा सातबारा मागितला.

आता दोन प्रश्न. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक कमी लागतो असं ऐकलं, खरं का? आणि त्यांचं कर्ज बाकी असताना विसार द्यावा का?

कर्जखिडकी

छान काम केलंत दोघांनी. वडिलांनीही बरोबर तेच मागितलं. सातबाऱ्यासोबत बिगरशेतीचा आदेश आणि वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) घ्या. बँक स्वतःचा वकील लावेल, पण तुमचाही एक असू द्या.

नावाचं खरं आहे. निवासी घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, तुमच्या बाबतीत ३८ हजार रुपये. दोघांची नावं घातली की सवलत जाते. बायकोला स्वतःचा पगार आहे, त्यामुळे कर्जात ती मुख्य अर्जदार आणि तुम्ही सहअर्जदार असं बसू शकतं. फक्त आयकरातली गृहकर्जाची वजावट घराच्या मालकालाच मिळते, तेव्हा तुमच्या पगारातून हप्ता गेला तरी तुम्हाला ती मागता येणार नाही. तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर स्वतः राहत्या घराला ती वजावट तशीही नाही, मग विचार करायचं कारण उरत नाही. तिच्या नावावर घ्या.

ओलाव्याला गवंडी नेऊन दाखवा. बाथरूमची फरशी काढून वॉटरप्रूफिंग करायचं तर तो खर्च दीड लाखात धरलेला नाही, तो ३८ मधून कमी करून मागा.

मालकांचं कर्ज बाकी असणं वाईट नाही, उलट मूळ कागद एका बँकेत सुरक्षित पडून आहेत हे तुम्हाला कळतं. त्यांना त्यांच्या बँकेचं बाकी रकमेचं पत्र आणि तिथं ठेवलेल्या कागदांची यादी आणायला सांगा. तुमची बँक ते सहा लाख थेट त्यांच्या बँकेत भरेल आणि उरलेले मालकांना देईल, मूळ कागद बँकेकडून बँकेकडे येतील. त्यांचा बोजा उतरल्याचं पत्र आल्याशिवाय ताबा झाला असं समजू नका.

विसार ५१ हजारांपेक्षा जास्त नको, चेकने, आणि विसार पावतीत तीन गोष्टी लिहून घ्या: कर्ज मंजूर झालं नाही किंवा टायटलमध्ये (मालकी हक्कात) दोष निघाला तर विसार पंधरा दिवसांत परत, खरेदीखत किती दिवसांत करायचं ती तारीख, आणि आतापर्यंतची घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल आणि मेंटेनन्स मालकांनी भरून पावत्या द्यायच्या. पावतीचा मसुदा सही करायच्या आधी इथं टाका, नावं झाकून. मी वाचते.